लातूरचा एक बालदंत दवाखाना : लेकरांचे दात, लाळ आणि 'प्रतिकारशक्ती कमी आहे' हा समज

माझ्या मुलाच्या वरच्या चार पटाशीच्या दातांवर, हिरडीला अगदी लागून, खडूने ओढाव्यात तशा पांढऱ्या रेघा प्रथम आमच्या अंगणवाडीत दिसल्या. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचे पथक तपासणीसाठी आले होते, आणि त्यातील डॉक्टरांनी मुलाचा ओठ वर उचलून त्या रेघा मला दाखवल्या. तेव्हा तो अडीच वर्षांचा होता. मी रोज त्याचे दात घासत होते, पण ओठ उचलून कधी पाहिले नव्हते. दंतवैद्याकडे जा, असे त्यांनी स्पष्ट सांगितले होते, तरी मी गेले नाही. दुधाचे दात आज ना उद्या पडणारच, असे घरात सर्वांचे मत होते आणि माझेही तेच होते. पुढच्या दहा महिन्यांत त्या रेघा तपकिरी झाल्या, दोन दातांच्या कडा तुटल्या, आणि एका रात्री दोन वाजता खालची दाढ धरून तो रडत उठला, तेव्हा आम्ही अहमदपूरहून एसटीने लातूर गाठले.

ज्या दवाखान्याबद्दल लिहीत आहे तो फक्त मुलांच्या दातांचा आहे. पाच महिन्यांत आमच्या तेथे चार भेटी झाल्या. काही गोष्टी मला फार पटल्या आणि काही खटकल्या, म्हणून नाव न देता लिहिते. लेकराला घेऊन अशा ठिकाणी जाणाऱ्या आईवडिलांना तेथे काय मिळते, काय विचारावे आणि पैसे कशाचे द्यावे लागतात हे कळावे, एवढीच इच्छा आहे.

पहिल्या भेटीत मी डॉक्टर मॅडमना विचारलेला पहिला प्रश्न असा होता की, याची प्रतिकारशक्ती कमी आहे म्हणून दात किडले का. हा प्रश्न माझ्या मनात कुठून आला तेही सांगते. मुलाला वर्षभर सतत सर्दी होत होती, आणि आमच्या गावातील एका औषध दुकानात त्यासाठी 'इम्युनिटी' वाढवणाऱ्या, फळाच्या चवीच्या चघळायच्या गोळ्या मिळाल्या होत्या. दात किडणे हाही प्रतिकारशक्तीचाच प्रश्न आहे, असे तेथे छातीठोकपणे सांगण्यात आले. तीन महिने मी त्या गोळ्या नेमाने दिल्या. बाटली माझ्या पर्समध्येच होती, ती मी मॅडमसमोर ठेवली. त्यांनी ती उलटी करून घटकांची बारीक अक्षरे वाचून दाखवली : सुरुवातीलाच साखर, त्यानंतर ग्लुकोजचा पाक आणि पुढे सायट्रिक आम्ल. मग त्यांनी विचारले, "ताई, ही गोळी दिवसातून कधी देता?" मी सांगितले की रात्री, दात घासून झाल्यावर, शहाण्यासारखे घासू दिले म्हणून शाबासकीची. हे वाक्य तोंडातून बाहेर पडत असतानाच माझे मला कळले.

त्यानंतर त्यांनी जवळजवळ अर्धा तास दिला. बाहेर बाकांवर इतकी गर्दी असताना दिला, हे मुद्दाम नोंदवते. दात किडण्यात प्रतिकारशक्तीचा हात आहेच, असे त्या म्हणाल्या. पण ती नेमकी कोठे असते आणि काय करते हे आपल्याला ठाऊक नसते, म्हणून आपण ती बाटलीत शोधतो. दाताचे बाहेरचे कवच, म्हणजे इनॅमल, यात रक्तवाहिनी नाही आणि जिवंत पेशीही नाही. गुडघा खरचटला तर रक्तातील पांढऱ्या पेशी तेथे धावून जातात, जंतू खातात आणि जखम भरते. इनॅमलमध्ये मात्र त्या पोहोचूच शकत नाहीत. त्यामुळे शरीराला दाताचे रक्षण दाताच्या बाहेरूनच करावे लागते, आणि हे काम लाळ करते. लाळेत आयजीए नावाचे प्रतिद्रव्य (अँटिबॉडी) असते. ते जंतूंना मारत बसत नाही. त्यांना एकमेकांत गुंतवून त्यांचे पुंजके करते आणि दाताला चिकटू देत नाही, मग ते पुंजके लाळेबरोबर गिळले जातात. त्याच्या जोडीला लॅक्टोफेरिन असते, जे जंतूंना लागणारे लोह अडवून ठेवते, आणि लायसोझाइम असते, जे जंतूंची भिंत फोडते. हे लायसोझाइम अलेक्झांडर फ्लेमिंग यांना पेनिसिलिनच्या सुमारे सात वर्षे आधी, १९२१ साली, सर्दी झालेल्या माणसाच्या नाकातील स्रावात सापडले होते. ज्या सर्दीमुळे मी त्या गोळ्यांपर्यंत पोहोचले होते तिच्याच पाण्यात शरीराचे स्वतःचे औषध असते, हे ऐकून मला मोठे नवल वाटले.

लहान मुलांची अडचण अशी की ही व्यवस्था जन्मतः तयार नसते. नवजात बाळाच्या लाळेत आयजीए जवळजवळ नसतेच. पहिल्या काही आठवड्यांत ते दिसू लागते आणि पुढे कित्येक वर्षे हळूहळू वाढत जाते. मधल्या काळात आईचे दूध, विशेषतः पहिले चिकाचे दूध, ही उणीव काही अंशी भरून काढते, कारण त्यातही आयजीए आणि लॅक्टोफेरिन असते. इकडे पहिला दात साधारण सहाव्या महिन्यात येतो आणि अडीच-तीन वर्षांत वीसच्या वीस दुधाचे दात येऊन जातात. म्हणजे राखायचे दात झपाट्याने वाढतात आणि राखणदार अजून वयात येत असतो. नेमक्या याच काळात स्ट्रेप्टोकोकस म्यूटन्स हा जंतू बाळाच्या तोंडात घर करतो. जे. किलियन क्लार्क यांनी १९२४ साली किडलेल्या दातांमध्ये तो प्रथम ओळखला. हा जंतू बहुधा घरच्याच माणसांच्या लाळेतून, बऱ्याचदा आईकडून, येतो. आमच्याकडे आजी भाकरीचा घास स्वतः चावून, मऊ करून नातवाला भरवते, आणि त्यामागे माया असते. मॅडमनी त्या मायेला नावे ठेवली नाहीत. घास हाताने कुस्करून द्या, एवढेच त्या म्हणाल्या, आणि मग खुर्चीवर मलाच बसवून माझे तोंड तपासले. माझ्या दोन दाढा किडलेल्या निघाल्या. लेकराच्या दातांसाठी आईचे तोंड तपासणारे दवाखाने किती असतील मला माहीत नाही, पण मला ही गोष्ट उपचाराइतकीच मोलाची वाटली.

मी लगेच विचारले की मग रक्त किंवा लाळ तपासून याचे आयजीए मोजावे का. त्यांनी नको म्हणून सांगितले, आणि कारणही दिले. यावर जगभर अभ्यास झाले आहेत, पण त्यांचे निष्कर्ष एकमेकांशी जुळत नाहीत : काहींत कीड असलेल्या मुलांच्या लाळेत आयजीए कमी आढळले, तर काहींत उलट जास्त. तोंडात जंतू जास्त झाले की शरीर त्यांच्याविरुद्ध प्रतिद्रव्येही जास्त बनवते, त्यामुळे वाढलेला आकडा हा बचावाचा पुरावा आहे की आधीच झालेल्या हल्ल्याचा, हे एका तपासणीतून ठरत नाही. मुलाला वारंवार न्यूमोनिया होत असेल, कान पुन्हा पुन्हा फुटत असेल, वजन वाढत नसेल, तर बालरोगतज्ज्ञांकडून प्रतिकारशक्तीची तपासणी जरूर करावी; वर्षातून सहा-आठ वेळा होणारी साधी सर्दी हे या वयात त्याचे लक्षण नव्हे.

मग या मुलाच्या सर्दीचा आणि दातांचा काही संबंध होता की नाही? होता, पण मी समजत होते तिकडून नव्हता. सर्दीमुळे नाक चोंदते, मूल तोंडाने श्वास घेते आणि वरचे पुढचे दात रात्रभर कोरडे पडतात. सर्दीची काही औषधे लाळ आणखी कमी करतात. बहुतेक पातळ औषधे गोड असतात आणि आपण ती झोपण्यापूर्वी पाजतो. झोपेत लाळ जवळजवळ थांबते, म्हणजे आयजीए, लायसोझाइम, दाताला कॅल्शियम परत देणारे क्षार, सगळी राखण एकदमच उठून जाते, आणि तिच्या गैरहजेरीत आम्ही साखर घातलेले दूध बाटलीतून अकरा वाजता आणि पुन्हा दोन वाजता देत होतो. जंतू साखरेचे आम्ल करतात. तोंडातील सामू (पीएच, म्हणजे आम्ल मोजण्याचा आकडा; तो जितका कमी तितके आम्ल जास्त) साडेपाचच्या खाली गेला की इनॅमलमधील क्षार विरघळू लागतात. दिवसा लाळ हे आम्ल अर्ध्या ते एका तासात निवळवते, रात्री ते तसेच बसून राहते. मॅडमनी मला छोटा आरसा धरायला लावून खालचे पुढचे चार दात दाखवले. ते स्वच्छ होते, कारण बाटली चोखताना जीभ त्यांच्यावर पांघरली जाते आणि तेथेच लाळेच्या ग्रंथी उघडतात. ज्या दातांपर्यंत लाळ पोहोचली ते वाचले आणि जेथे पोहोचली नाही ते किडले. हे मी माझ्या मुलाच्याच तोंडात पाहिले, आणि यापुढे कोणत्याही गोळीची जाहिरात मला वेगळे पटवू शकणार नाही.

आणखी एक गोष्ट मला आजवर उलटीच वाटत होती. दाढ दुखली म्हणजे शरीर लढायला कमी पडले, अशी माझी समजूत होती. प्रत्यक्षात कीड इनॅमल ओलांडून आतल्या थरात शिरते तेव्हा दाताच्या गाभ्यातील जिवंत पेशी जंतूंची चाहूल ओळखतात, पांढऱ्या पेशींना बोलावतात आणि आतून नवा थर घालून वाट बुजवण्याचा प्रयत्न करतात. यात गाभा सुजतो, पण भोवती कडक भिंती असल्याने सुजेला पसरायला जागा नसते, आणि त्या दाबाची कळ आडवे झाल्यावर वाढते. दुधाच्या दातांचे इनॅमल कायमच्या दातांपेक्षा खूपच पातळ असल्यामुळे हा सगळा प्रवास फार लवकर होतो. रात्री दोन वाजता माझे लेकरू रडत उठले ते त्याची प्रतिकारशक्ती कामाला लागल्यामुळे, आणि तोपर्यंत आम्ही तिला दहा महिने एकटीलाच झुंजायला सोडले होते.

उपचारांबद्दल थोडक्यात. वरच्या चार दातांवर त्यांनी सिल्व्हर डायअमाइन फ्लोराइड नावाचे द्रव लावले. यातील चांदी जंतू मारते, फ्लोराइड दात कठीण करते आणि कीड तेथेच थांबते. ना सुई लागते ना मशीन. जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ साली हे औषध अत्यावश्यक औषधांच्या यादीत घेतले आहे. याचा एक परिणाम मात्र कायमचा असतो : किडलेला भाग काळा पडतो आणि दात पडेपर्यंत काळाच राहतो. हे त्यांनी लावण्यापूर्वी सांगितले होते आणि माझी सहीही घेतली होती, तरी तोंडी ऐकणे आणि प्रत्यक्ष पाहणे यात फार अंतर असते. पुढच्याच आठवड्यात नात्यातील लग्नात मुलगा हसला की लोक बघत राहायचे, आणि मला घरी येऊन रडू आले. अशा उपचारानंतर दात कसे दिसतात याचे छायाचित्र आधी दाखवले असते, तर माझा निर्णय बदलला नसता, पण मनाची तयारी झाली असती.

दुखणाऱ्या दाढेचा एक्स-रे काढला. कीड गाभ्यापर्यंत गेलेली असल्याने दुसऱ्या भेटीत बधिर करून आतली नस स्वच्छ केली आणि वर स्टीलची टोपी बसवली. ही दाढ पडायला दहा-अकरावे वर्ष उजाडते, आणि तोवर कायमच्या दाढेसाठी तिने जागा धरून ठेवायची असते, हे मला तेव्हा कळले. सुई देताना सहायक ताईंनी मुलाला बोलण्यात असे गुंतवले की तो रडला तो टोपी बसवताना, तेही थोडेच. तिसऱ्या भेटीत दुसऱ्या दाढेत सिमेंट भरले आणि पुढच्या दातांवर तेच द्रव पुन्हा लावले. चौथ्या भेटीत सर्व दातांवर फ्लोराइडचा लेप दिला. एकूण खर्च असा झाला : तपासणी ३०० रुपये, एक्स-रे ३०० रुपये, पुढच्या दातांचे द्रव दोन्ही वेळचे मिळून २,४०० रुपये, नस व टोपी ५,५०० रुपये, सिमेंट ९०० रुपये, लेप १,००० रुपये, म्हणजे १०,४०० रुपये, आणि एसटीचे भाडे वेगळे. ज्यांना हे परवडणार नाही त्यांनी छत्रपती संभाजीनगरच्या शासकीय दंत महाविद्यालयाचा पर्याय जरूर विचारात घ्यावा.

फ्लोराइडचा लेप देण्यापूर्वी घरात पिण्याचे पाणी नळाचे आहे की बोअरचे, हे त्यांनी विचारले, आणि हा प्रश्न आपल्या भागात प्रत्येक दंतवैद्याने विचारायलाच हवा. नांदेड आणि बीड जिल्ह्यांतील काही गावांत भूजलातच फ्लोराइड जास्त आहे, आणि ते प्रमाणाबाहेर पोटात गेले तर दातांना उलट अपायच होतो. भारतीय मानकांनुसार पिण्याच्या पाण्यात ते लिटरमागे १ मिलिग्रॅमपर्यंत असावे, आणि दुसरा स्रोत नसेल तर १.५ मिलिग्रॅमपर्यंत चालते. आमच्याकडे उन्हाळ्यात नळ महिनोन्महिने आटतो आणि बोअरवरच भिस्त असते, म्हणून मी पाणी तपासून घेतले आणि अहवाल तिसऱ्या भेटीत नेला. प्रमाण मर्यादेत होते. त्यानंतरच त्यांनी १००० पीपीएम (दहा लाख भागांत हजार भाग) फ्लोराइडची पेस्ट चालू ठेवायला सांगितली : तीन वर्षांपर्यंत तांदळाच्या दाण्याएवढी, त्यानंतर वाटाण्याएवढी, आणि सहा-सात वर्षांपर्यंत घासायचे मोठ्या माणसानेच.

आता खटकलेल्या गोष्टी. वेळ घेऊन गेलो तरी दोनदा पावणेदोन तास बसावे लागले, आणि भुकेल्या लेकरांना इतका वेळ बाकावर बसवले की आया बिस्किटांचे पुडे फोडतात, हे त्या दवाखान्याला दिसत नसेल असे मला वाटत नाही. घरी पाळायच्या सूचनांचा कागद पूर्ण इंग्रजीत होता. माझ्या सासूबाईच मुलाला दिवसभर सांभाळतात. त्यांना तो वाचता येत नाही, आणि तो कागद खरा त्यांच्यासाठीच असायला हवा. मी घरी त्याचे मराठी करून स्वयंपाकघरात चिकटवले : रात्री दात घासल्यावर पाण्याखेरीज काही नाही; गोड औषध जेवणाबरोबर आणि त्यावर पाणी; गूळ, काकवी, चिक्की हीसुद्धा साखरच. शेवटची ओळ सासूबाईंना पटायला वेळ लागला, कारण गूळ बाधत नाही, असे त्या लहानपणापासून ऐकत आल्या आहेत. टोपीचा खर्चही आधी सांगितला नव्हता, तो बिलावर कळला.

सर्वांत जास्त बोचली ती वेगळीच गोष्ट. पैसे भरायच्या टेबलावर काचेच्या पेटीत दातांसाठीच्या प्रोबायोटिक गोळ्या विक्रीला ठेवल्या होत्या, आणि वर 'तोंडाची प्रतिकारशक्ती वाढवा' असे लिहिले होते. अशा गोळ्यांतून तोंडात चांगले जंतू सोडायचे आणि त्यांच्याकरवी वाईट जंतूंना हटवायचे, ही कल्पना चुकीची नाही, त्यावर संशोधनही चालू आहे, पण लहान मुलांची कीड यामुळे टळते असे खात्रीने म्हणावे इतका आधार अजून नाही, हे खुद्द मॅडमनीच मला आत सांगितले होते. किडीविरुद्धच्या लशीसाठी संशोधक १९७० च्या दशकापासून प्रयत्न करत आहेत, प्राण्यांवर त्यांना काही यशही आले, आणि तरी आज बाजारात अशी एकही लस नाही, हेही त्यांनीच सांगितले होते. मग आत जे बोलले जाते त्याच्या विरुद्ध बाहेर विकायचे कशाला? आमच्या आठवडी बाजारात रिंगणीच्या बियांची धुरी देऊन दातातली 'कीड' काढून दाखवणारे बसायचे. दातात किडा नसतोच, त्यामुळे बाहेर पडतो तो दाखवण्यापुरताच असतो. त्यांच्यावर विश्वास ठेवणाऱ्यांना आपण अडाणी म्हणतो, आणि रंगीत वेष्टनात 'इम्युनिटी' लिहिले की शिकलेली माणसे पाकीट उघडतात. मी स्वतः उघडले होते, म्हणून हे कळकळीने लिहिते. तिसऱ्या भेटीत मी मॅडमना हे स्पष्ट विचारले. कंपनीचा माणूस ठेवून गेला आहे, बघते, असे त्या म्हणाल्या. चौथ्या भेटीत पेटी तेथेच होती.

तरीही कोणी विचारले तर मी याच दवाखान्यात जा म्हणून सांगेन. पाचपैकी चार गुण देते. एक गुण त्या पेटीसाठी आणि इंग्रजी कागदासाठी कापला आहे. मुलाची रात्रीची बाटली तीन आठवड्यांत सुटली : दुधात आधी साखर बंद केली, मग रोज थोडे थोडे पाणी वाढवत नेले, आणि शेवटी ते नुसते पाणीच उरले तेव्हा त्याने स्वतःच बाटली ढकलून दिली. सर्दी त्याला अजून होते, पण औषध आता जेवणाच्या ताटाबरोबर दिले जाते. चौथ्या भेटीत नवी कीड एकही दिसली नाही, आणि पुढचे दात काळे असले तरी टोकदार काडीने तपासल्यावर कठीण लागले.

पुढची भेट सहा महिन्यांनी आहे. तेव्हा धाकटीलाही बरोबर नेणार आहे. ती सात महिन्यांची आहे, आणि मागच्या सोमवारी तिच्या खालच्या हिरडीतून पहिला दात वर आला.